कोंबडीला कुठं औषध असतंय?

केराबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते जनावरांच्या दवाखान्याच्या रांगेत. मंगळवेढ्याच्या अलीकडच्या एका गावातला हा दवाखाना. पशुसंवर्धनाची पदविका घेऊन मी तिथं नुकतीच मदतनीस म्हणून लागले होते. केराबाईच्या हातात वायरची पिशवी होती आणि पिशवीतून एका कोंबडीचं डोकं बाहेर आलं होतं. मानेवर पिसं नसलेली, आमच्याकडं जिला बोडकी म्हणतात तसली कोंबडी.

बाई सगळ्यांच्या आधी आली होती. मग एक म्हैस आली, ती पुढं गेली. जर्सी कालवड आली, तीही पुढं गेली. शेळीवाला आला, त्यानं पिशवीत डोकावून बघितलं, "कोंबडीच हाय की," म्हणाला आणि तोही पुढं गेला. कुणी तिला विचारलं नाही आणि कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही. पायरीवरची सावली सरकून तिच्या अंगावर ऊन आलं, तेव्हा कुठं तिची पाळी आली.

"काय झालंय?" टेबलामागच्या कर्मचाऱ्यानं विचारलं.

"उवा झाल्यात. अंगभर."

"कुणाला, तुम्हाला?"

रांग हसली.

"कोंबडीला. घरात हैत तेवढ्या सगळ्यास्नी. आन् खुराड्यात बी लाल लाल कायतरी वळवळतंय."

"आजी, कोंबडीला कुठं औषध असतंय व्हय? कढईत टाका. सगळ्या उवा एका दमात मरत्यात."

आता तर कालवडवाला डोळे पुसायला लागला. रस्त्यानं ट्रक गेला की धुरळा बसेपर्यंत माणूस थांबतं, तशी केराबाई हसणं खाली बसेपर्यंत थांबली.

"तुला ल्हानपणी उवा झाल्त्या का रं?" तिनं विचारलं.

"झाल्या असत्याल की."

"मग तुझ्या आईनं तुला कढईत घातलं न्हाय, ही चूकच केली बघ तिनं."

कोंबडीचं डोकं हातानं आत दाबून ती पायऱ्या उतरली.

मला राग आला, आणि कर्मचाऱ्यापेक्षा जास्त आमच्या कपाटाचा आला. कारण माणूस खोटं बोलला नव्हता. कपाटात गाईच्या गोचिडावर औषध होतं, मेंढीच्या जंतावर होतं, बैलाच्या खांद्यावर लावायचं मलम होतं. कोंबडीसाठी कपाटात काही नव्हतं. बायकांना पिल्लं वाटायचे कार्यक्रम मी पाहिलेत. पिल्लू हातात देतात, बाईला हसायला सांगतात, फोटो काढतात. ते पिल्लू मोठं होऊन आजारी पडलं की फोटोतल्या कुणाचाच पत्ता नसतो. म्हैस आजारी पडली की घरातला पुरुष फोन लावतो आणि डॉक्टर गाडी काढतो. कोंबडी आजारी पडली की चेष्टा होते. म्हैस घराची असते, कोंबडी बाईची असते, एवढाच त्यातला फरक.

मी तिच्या मागं धावले. ती एसटीच्या थांब्यावर लिंबाखाली बसली होती.

"तू बी हसायला आलीस का?"

"नाही आजी. कोंबडी दाखवा."

मी बोडकीचा पंख उचलला. पिसांच्या बुडाशी पांढुरक्या उवा पळाल्या. शेपटीखाली तर पिसांच्या देठांना लिखांचे झुपके चिकटले होते, खसखस ओतल्यासारखे. तुरा फिका पडला होता.

"ह्या उवा. ह्या कोंबडीला सोडून कुठं जात नाहीत. पण खुराड्यात लाल दिसतं म्हणालात ना, ते वेगळं. ते रक्त पितं. दिवसा भेगांत लपतं, अंधार पडला की बाहेर येतं. आणि ते माणसालाही चावतं."

"लेकराला बी?"

"लेकराची कातडी मऊ, त्याला आधी."

मग तिनं सांगितलं ते असं. घरात सून सोनम आणि तिचं रांगायला लागलेलं पोरगं. पोराच्या अंगावर तांबडे फोड उठत होते. सोनमनं दोनदा दवाखाना केला, मलमं लावली, फोड जाऊन परत येत होते. शेवटी केराबाईचा मुलगा सिद्धराम यानं ठरवलं की हे कोंबड्यांमुळं होतंय. अमावास्या झाली की पहिल्या बाजाराला सगळ्या कोंबड्या विकून टाकायच्या आणि खुराडं पाडायचं.

"त्याचं चूक न्हाय," केराबाई म्हणाली. "लेकरू माझं बी हाय. पण मेंढरं पोराची, रान पोराचं, घर पोराच्या नावावर. ह्या कोंबड्या माझ्या हैत. माझ्या लग्नात आईनं डालग्यात घालून एक तलंग दिल्ती."

डालगं म्हणजे कोंबड्या ठेवायची बांबूची टोपली आणि तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. त्या एका तलंगीची पिलावळ केराबाईच्या दारात आजवर चालत आली होती. तिनं आपल्या लेकींच्या लग्नात एकेकीला त्यातलीच एकेक तलंग दिली, लेकींनी त्यांच्या लेकींना दिली. सोनं कुणी दिलं नव्हतं कारण ते नव्हतंच. आईकडून लेकीकडं जाणारी तिच्या घरातली वस्तू म्हणजे एवढीच.

"आन् पोरानं एक औषध केलंय म्हणा," एसटीत चढता चढता ती म्हणाली. "घरी ये, मंजी कळंल काय केलंय ते."

ते कळायला मी दुसऱ्याच दिवशी तिच्या वस्तीवर गेले. सोलापुरात पोल्ट्रीवाल्यांना माल देणारं एक दुकान आहे, तिथून कोंबड्यांसाठीची उवांची भुकटी आणवली होती.

वस्ती मेंढपाळांची. घरापुढं मेंढरांचा वाडा, त्याच्या कडेला सिमेंटचा हौद. लोकर कातरून झाली की मेंढरांना ह्या हौदातल्या औषधाच्या पाण्यातून काढतात, म्हणजे गोचीड, उवा सगळं मरतं. हौद बघितला आणि सिद्धरामनं काय केलं असेल ते माझ्या लक्षात आलं.

"तुम्ही कोंबड्या ह्याच्यात बुडवल्या?"

"मग?" सिद्धराम म्हणाला. "मेंढराला चालतंय ते कोंबडीला चालंना व्हय? आन् कोंबडी ल्हान हाय म्हणून कमी येळ बुडवली की. आमाला बी कळतंय, मॅडम."

कमी वेळ बुडवल्याचा त्याला अभिमान होता. थंडीतल्या संध्याकाळी भिजलेल्या कोंबड्या त्यानं तशाच खुराड्यात कोंडल्या होत्या. सकाळी काही ताठ झालेल्या निघाल्या, त्यांत एक खुडूक बसलेली, म्हणजे अंड्यांवर बसलेली. तिची अंडीही गेली.

"कोंबडी चोचीनं पिसं साफ करते. अंगावर लावाल ते तिच्या पोटात जातं. आणि ती ओली झाली की गारठते, तिच्या अंगावर लोकर नसते," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"त्या आधीच दुबळ्या हुत्या."

"दुबळ्या होत्या म्हणूनच जपायला पाहिजे होतं!"

हा काही बिनडोक माणूस नव्हता. मेंढरू नुसतं चालताना बघून त्याचं काय दुखतंय ते तो सांगायचा. अडचण हीच होती. त्याला जनावर म्हटलं की मेंढरूच दिसायचं, आणि कोंबडी म्हणजे त्याच्या लेखी एक फार छोटं, फार वेंधळं मेंढरू.

खुराडं दगडमातीचं, घराच्या भिंतीला लागून. भिंतीच्या आतल्या अंगाला बाळाची झोळी टांगलेली. मी माझा पांढरा रुमाल बसायच्या दांडीखाली धरला आणि दांडीवर काठीनं ठोकलं. रुमालावर करड्या-तांबड्या कणांचा सडा पडला. कण चालायला लागले. सोनम बाळाला कडेवर घेऊन बघत होती. मी एक कण बोटानं चिरडला, रुमालावर लाल डाग उमटला.

"हे माझ्या लेकराचं रगत हाय?"

"बाळाचं असेल, कोंबडीचं असेल."

तिनं झोळीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. आत जाऊन तिनं झोळी सोडली आणि पलीकडच्या आढ्याला बांधली. सिद्धराम पायानं माती उकरत उभा राहिला.

मग आम्ही कामाला लागलो. खुराड्यातला सगळा भुसा, जुनं गवत बाहेर काढून पेटवलं. भेगा खुरप्यानं खरवडल्या, मातीनं लिंपल्या, वर चुना मारला. दांड्या जाळावर धरून भाजल्या आणि त्यांना कडुलिंबाचं तेल चोपडलं. मग तोंडाला पदर बांधून केराबाई एकेक कोंबडी पाय धरून उलटी करायची आणि मी फडक्याच्या पुरचुंडीतून पंखाखाली, पोटाला, शेपटीच्या बुडाशी भुकटी झाडायची. बोडकी झाली, कवडी झाली, काळुंद्री केराबाईच्या मनगटाला चोचीनं ओरबाडून झाली.

"चाव, चाव. तुझ्यासाठी म्या लोकांच्या पायरीवर उन्हात बसलो, आन् तू मला चाव," केराबाई तिला म्हणाली.

"आठवड्यानं परत लावायची," मी सांगितलं. "भुकटीनं उवा मरतात, लिखा राहतात. त्या फुटल्या की पुन्हा तेच. आणि तोवर अंडी खायची नाहीत."

"पोरींच्या डोक्याचं बी असंच असतंय की. ह्याला कालेज कशाला लागतंय?"

"तुमच्या सिद्धरामला विचारा कशाला लागतं ते."

सोनम खुदकन हसली. मी आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

गवंड्याचं एक फुटकं घमेलं घेऊन त्यात चुलीची राख आणि बारीक माती कालवून ठेवली. कोंबड्या त्यात लोळल्या की अंगची कीड निम्मी झडते. काळुंद्री लगेच जाऊन त्यात पसरली. कुंपणाच्या भिंतीवर एक मोठा तांबडा कोंबडा उभा राहून हे सगळं बघत होता.

"तो?" मी विचारलं.

"त्यो आपला न्हाय," केराबाई म्हणाली.

"मग सगळ्या झाल्या?"

"सगळ्या झाल्या."

आठवड्यानं परत जाऊन भुकटी लावली. तुरे लाल व्हायला लागले होते. बाळाचे फोड सुकले होते. सोनमनं मला चहा दिला, सिद्धराम मेंढरांकडून लवकर येऊन दारात बसला आणि हौदाचा विषय निघणार नाही ह्याची काळजी घेत बोलत राहिला. मी दवाखान्यात आले ती जवळजवळ नाचत. कढईवाल्या कर्मचाऱ्याला मुद्दाम ऐकू जाईल असं सगळं सांगितलं.

आणि अमावास्येनंतरच्या बाजाराच्या आदल्या दिवशी सोनमचा फोन आला. "ताई, परत उठलंय. मानेवर, पाठीवर. आन् हे डालगी काढून बसल्यात."

मी पोहोचले तेव्हा दिवस कलला होता. सिद्धराम दारात डालग्यांना नवी दोरी लावत होता.

"मॅडम, तुमी लई केलं," तो म्हणाला. "पण आता बास. कोंबडीला औषध नसतंय, लोकं म्हणत्यात ते खरंच हाय."

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी भेगा तपासल्या, त्या बुजलेल्याच होत्या. चुना जागच्या जागी होता. पण दांडीच्या एका टोकाखाली, फक्त एकाच टोकाखाली, तांबडे कण पुन्हा गोळा झाले होते. बाहेरून कुणीतरी आणून सोडल्यासारखे. मी खुराड्यासमोर बसून राहिले. ऊन गेलं तशा कोंबड्या एकेक करून आत शिरल्या आणि दांडीवर बसल्या. ते टोक त्यांनी मोकळं ठेवलं.

मग कुंपणावरून तो तांबडा कोंबडा उतरला. मालक घरी यावा तसा सावकाश चालत आला, खुराड्यात शिरला आणि त्या मोकळ्या टोकाला जाऊन बसला.

"हा कुणाचा आहे?"

सिद्धरामनं दोरीची गाठ आवळली.

"आजी, हा कोंबडा कुणाचा?"

"देवाचा," केराबाई म्हणाली.

वस्तीच्या लक्ष्मीआईला नवस फेडताना कोंबडा कापत नाहीत, सोडतात. हळदकुंकू लावून एकदा सोडला की त्याला कुणी धरायचं नाही, कोंडायचं नाही, त्याच्यावर हात टाकायचा नाही. तो ज्याच्या खुराड्यात वस्तीला येईल त्याचं घर भाग्याचं. त्याला पहिली ज्वारी टाकायची. हा कोंबडा वस्तीतल्या प्रत्येक खुराड्यात राहून येत होता आणि अधूनमधून केराबाईकडं मुक्कामाला असायचा.

"मी विचारलं होतं तुम्हाला! सगळ्या झाल्या का म्हणून!"

"झाल्याच हुत्या. त्यो कोंबड्यांत मोजायचा नसतो."

"तो देवाचा आहे, पण त्याच्या अंगावरची कीड देवाची नाही! साऱ्या वस्तीतली कीड गोळा करून तो तुमच्या दांडीवर आणून ठेवतोय. तुम्ही उंबरा पुसताय आणि तो गोठ्यातल्या पायांनी आत येतोय!"

"माझ्यावर वरडू नगं," केराबाई म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. "देवाच्या कामात म्या काय करू? तू कर जा हात लावून, तुला लागंल ते."

मी हात लावला नाही, पण वाकून त्याला जवळून बघितलं. लांबून एवढा तालेवार दिसणारा तो कोंबडा जवळून बघवत नव्हता. शेपटीखालची पिसं झडून कातडी सोलवटली होती, तिथं कीड थरानं बसली होती. तुरा पिवळट. तो सारखा एक पाय उचलत होता, दुसरा टेकवत होता, त्याला धड बसताही येत नव्हतं. हळद लावली त्या दिवसापासून त्याच्या अंगाला माणसाचा हात लागला नव्हता. वस्तीतल्या प्रत्येकानं त्याला नमस्कार केला होता आणि एकानंही त्याचा पंख उचलून बघितला नव्हता.

"आजी, इथं या. बघा."

केराबाई वाकली. खूप वेळ बघत राहिली. मग उठून पदर खोचला.

"कुटं निगालीस आये?" सिद्धरामनं विचारलं.

"ह्याच्या मालकिणीकडं."

लक्ष्मीआईचं देऊळ म्हणजे वस्तीच्या टोकाला लिंबाखालचा कट्टा आणि त्यावर शेंदूर लावलेला तांदळा, देवीचा बिनघडीव दगड. पुजारी गुंडा, केराबाईचा नात्यानं दीर, सांजेचा दिवा लावत होता. तिनं एका दमात सगळं सांगितलं. गुंडानं वात पुढं सारली.

"वैनी, सोडलेल्याला हात लावायचा मंजी कौल घ्यावा लागतोय. कौल जत्रंत असतोय. तवर थांबा."

"जत्रा पाडव्याला हाय, भावजी. बाजार उद्या हाय."

"मग बाजार चुकवा."

"माझ्या नातवाला चावतंय ते चुकवता का तुमी? कौल लावा आत्ता."

गुंडा कुरकुरला, पण केराबाईसमोर उभा राहून नाही म्हणणं त्यालाही जड गेलं. त्यानं दोन फुलं ओली करून तांदळ्याला दोन अंगांना चिकटवली. उजवं पडलं तर देवीची परवानगी, डावं पडलं तर नकार. आम्ही बघत राहिलो. मागून सिद्धराम आला, कडेवर बाळ घेऊन सोनम आली. फूल हललं नाही. डावंही नाही, उजवंही नाही. दिवा फडफडला, गुंडानं घसा खाकरला, बाळानं मान खाजवली आणि रडायला लागलं.

केराबाई त्या रडण्यानं पेटली.

"आई," ती तांदळ्याला म्हणाली, "लेकरू रडतंय ते ऐकू येतंय का? तुझा कोंबडा सडाय लागलाय ते दिसतंय का? तू त्याला साफ करीनास, मला करू दीनास. मग हितं बसून करतीस तरी काय? तुझ्या कोंबड्यानं माझ्या घरात कीड आणायची आन् माझ्या कोंबड्यांनी बाजारात जायचं व्हय? तुझा कोंबडा देवाचा, मग माझ्या कोंबड्या काय वाऱ्यावरच्या? माझ्या आईनं दिलेल्या हैत त्या!"

"वैनी! तोंड आवरा!"

"तिनं न्हाय म्हणलंय का, भावजी?"

"कौल झालाच न्हाय अजून."

"डावं फूल पडलं का?"

"न्हाय."

"मंजी न्हाय म्हणाली न्हाय. एवढं बोलून बी न्हाय म्हणाली न्हाय. झालं तर मग." ती वळली.

"पाप लागंल!"

"लागू द्या. पाप लागलं तर माझ्या डोक्याला लागंल. कीड लागलीया ती नातवाला लागलीया."

ती तरातरा घरी आली, खुराड्यात हात घातला आणि देवाचा कोंबडा दोन्ही पाय धरून बाहेर काढला. मला वाटलं होतं, तो पंख झोडपेल, नख्या मारेल. त्यानं काही केलं नाही. तो उलटा लोंबकळत गप्प राहिला. मी पुरचुंडी घेतली. केराबाईची पकड ढिली झाली नाही. पंखाखाली, पोटाला, शेपटीखाली. सोलवटलेल्या जागी भुकटी न टाकता सोनमनं आणलेलं हळदतेल लावलं. कुंपणापलीकडं आता बरीच माणसं उभी होती. दांडी पुन्हा भाजली, तेल पुन्हा चोपडलं, आणि कोंबड्याला केराबाईनं त्या रात्रीपुरता वेगळ्या डालग्याखाली ठेवला. बाजारासाठी नवी दोरी लावलेलंच एक डालगं होतं ते.

सकाळी सिद्धराम बाजाराला निघायच्या कपड्यांत बाहेर आला. दुसरं डालगं घ्यायला वाकला, तर त्याच्यात सोनमनं बाळाला बसवलं होतं आणि बाळ दोरी चावत होतं.

"हे काय?"

"कोंबड्या कुटं जायच्या न्हाईत," सोनम म्हणाली. "झोळी तिकडं बांधलीया. खुराडं दर आठवड्याला मी झाडीन. आन् तुमी हौदाला पत्रा टाका आधी. पोरगं रांगतंय."

हे मला तिनंच नंतर फोनवर सांगितलं. हौदावर त्याच दिवशी पत्रा पडला. कोंबड्या राहिल्या. पुढच्या पाळीची भुकटी केराबाई आणि सोनमनं मिळून लावली, मला बोलावलंही नाही, आणि बाळाच्या अंगावर पुन्हा उठलं नाही.

वस्तीनं मात्र सोडलं नाही. हात लागला म्हणून कोंबडा विटाळला असं ठरलं. तो आता देवीचा राहिला नाही, आणि देवीचा नसलेला कोंबडा कापायला मोकळा, असंही दोघांतिघांनी लगेच ठरवलं. मला आजही ह्या गोष्टीचा संताप येतो. किडीनं सडत होता तोवर पवित्र होता, साफ झाला तसा त्याचा रस्सा करायला निघाले. केराबाईनं त्यांना दारातूनच वाटेला लावलं. "तुमी टाकला न्हवं? मग आता माझा झाला." तो तिच्याकडंच राहिला. शेपटीला नवी पिसं आली, आणि तो पहाटे असा आरवतो की सोनम त्याला शिव्या घालते.

पाडव्याच्या जत्रेसाठी गुंडानं नवा कोंबडा आणला. त्या सकाळी मी केराबाईच्या अंगणात होते. ती आणि सोनम ठरलेल्या दिवशी कोंबड्यांना भुकटी लावत होत्या. फाटकाशी गुंडा येऊन थांबला. काखेत कोंबडा, हातात हळदकुंकवाचं ताट. केराबाईकडं न बघता, मेंढरांच्या वाड्याकडं बघत तो म्हणाला,

"सोडल्यावर हात लावता येत न्हाय. म्हणून म्हणलं, सोडायच्या आधीच..."

केराबाईनं मान वर केली नाही. तिच्या हातात काळुंद्री होती आणि पायाशी डालग्याखाली बोडकी वाट बघत होती.

"रांग हाय, भावजी," ती म्हणाली. "आदी हिचं हुतंय, मग बोडकीचं. मग देवाचं. बसा तितं उन्हात."

गुंडा ताट मांडीवर घेऊन पायरीवर बसला.